छातीतली जळजळ : कारणे, उपाय आणि धोक्याच्या खुणा



आपल्यातल्या बहुतेक घरांत अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांचे पाकीट असतेच. मी डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. तरी हा त्रास नेमका काय आहे आणि कोणत्या वेळी गोळीवर थांबू नये, हे प्रत्येक घरात माहीत असावे म्हणून ही माहिती एकत्र मांडली आहे.

जळजळ का होते?

अन्न पचवण्यासाठी जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. जठराला आतून चिकट अस्तर असल्यामुळे ते त्याला सोसते. अन्ननलिकेला तसे संरक्षण नाही. दोन्हींच्या सांध्यावर स्नायूंचे एक कडे असते. घास खाली जाताना ते उघडते व पुन्हा मिटते. हे कडे सैल पडले किंवा पोटावर दाब आला की आम्ल वर चढते आणि छातीच्या मधोमध आग होते, घशाशी आंबट-कडू पाणी येते. काहींना फक्त रात्रीचा कोरडा खोकला किंवा सकाळी बसलेला आवाज एवढेच जाणवते.

आयुर्वेदात काश्यपसंहिता व माधवनिदान या ग्रंथांत अम्लपित्ताचे वर्णन आहे. म्हणजे हा त्रास आजकालचाच नव्हे.

कशाने वाढते?

- एका वेळी पोटभर व तेलकट खाणे. फोडणीचे तेल ओतलेला वडाभात, पाटवडीचा तर्रीदार रस्सा, महालक्ष्म्यांच्या जेवणातली तुपात भिजलेली पुरणपोळी हे सगळे चवीचे. पण स्निग्ध अन्न जठरात जास्त वेळ राहते.
- उपासाच्या दिवशी रिकाम्या पोटी चहावर चहा आणि मग साबुदाणा खिचडी व शेंगदाणे.
- खर्रा, तंबाखू, बिडी आणि दारू. तंबाखूने ते कडे सैल पडते. खर्रा जेवणानंतर खाल्ला तरी अपवाद नाही.
- पोटाचा वाढलेला घेर, घट्ट पट्टा, गर्भारपण.
- गुडघेदुखीसाठी मनानेच घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही जळजळ वाढू शकते. मात्र त्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

घरी काय करावे?

1. रात्रीचे जेवण झोपण्याआधी किमान 2 ते 3 तास उरका. लग्नाच्या पंगतीहून उशिरा आलात तर लगेच आडवे होऊ नका.
2. पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उंच करा. नुसत्या दोन उशा घेतल्या तर पोट दुमडते आणि दाब वाढतो.
3. डाव्या कुशीवर झोपा.
4. थोडे थोडे, सावकाश खा. वजन जास्त असेल तर थोडे कमी झाले तरी फरक पडतो.
5. कशाने त्रास होतो ते पंधरा दिवस वहीत लिहा. सर्वांना सारखे पथ्य लागत नाही.

थंड दुधाने घटकाभर बरे वाटते, पण तो टिकाऊ उपाय नाही. खाण्याच्या सोड्यात सोडियम असते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तो टाळावा.

औषधांविषयी

अँटासिडचे पातळ औषध आम्ल मारते. आराम लवकर मिळतो, पण थोडाच वेळ टिकतो. फॅमोटिडिन आम्ल कमी करते. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गोळ्या आम्ल तयार होणेच रोखतात. त्या सकाळी खाण्याआधी साधारण अर्धा तास घ्यायच्या असतात, जेवण झाल्यावर नव्हे. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपल्यावर वर्षानुवर्षे आपणच चालू ठेवल्यास ब-12 जीवनसत्त्व व मॅग्नेशियम कमी होऊ शकते. वर्षभर गोळी चालू असेल तर ती अजून लागते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

जठरात व्रण असेल तर कारण वेगळे असू शकते. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू त्यामागे असल्याचे दाखवले आणि 2005 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा रुग्णाला प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स लागतो.

गॅस समजून थांबू नका

छातीवर ओझे ठेवल्यासारखा दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, घाम, धाप, चक्कर यांपैकी काही असेल तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. मधुमेही, वयस्क मंडळी व स्त्रिया यांच्यात लक्षणे पुसट असतात. कधी नुसती मळमळ व पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थता एवढेच असते. अशा वेळी ओवा, सोडा, गोळी यांत वेळ घालवू नका. 108 वर फोन करा किंवा सरळ रुग्णालय गाठून ईसीजी काढा. स्वतः गाडी चालवू नका. तपासणीत गॅस निघाला तर कोणी हसणार नाही. हृदयाचे दुखणे असेल तर मात्र वाचलेला अर्धा तास मोलाचा ठरतो.

पुढील खुणा दिसल्यास पोटाच्या डॉक्टरांना दाखवा : घास अडकणे, कारण नसताना वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी होणे, किंवा आठवड्यातून दोनदा वा जास्त होणारी जळजळ. रक्ताची उलटी वा काळी शौच असेल तर त्याच दिवशी जा. गरजेप्रमाणे डॉक्टर दुर्बिणीतून तपासणी सांगतात. ती काही मिनिटांची असते, घाबरण्यासारखी नसते.

घरातल्या ज्येष्ठांना हे वाचून दाखवा, आणि 108 हा क्रमांक फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.