झांबेझीवरील पोलादी कमान

दळणवळणासाठी बांधलेला पूल कालांतराने प्रेक्षणीय ठरावा, यात नवल नाही. परंतु प्रवाशाला निसर्गाचा देखावा दिसावा म्हणून ज्याची जागा मुक्रर झाली, असा पूल विरळा, आणि व्हिक्टोरिया धबधब्यासमोर झांबेझीची खोल घळ ओलांडणारी पोलादी कमान या विरळ्यांत अग्रगण्य मानली पाहिजे. केपपासून कैरोपर्यंत लोहमार्ग नेण्याची महत्त्वाकांक्षा बाळगणाऱ्या सेसिल ऱ्होड्सचा आग्रह असा, की आगगाडीच्या डब्यांवर प्रपाताचे तुषार उडालेच पाहिजेत. आणि ज्या प्रपातासाठी हा हट्ट, तो एकदाही न पाहता १९०२ साली ऱ्होड्स निवर्तला.

पुलाचे सारे सुटे भाग इंग्लंडातील डार्लिंग्टन येथील कारखान्यात घडले व जहाजाने बैरा बंदरात उतरून रेल्वेने घळीपर्यंत आले. पहिला दोर पैलतीरी पोहोचवला तो अग्निबाणाला बांधून! त्यामागून जाड तारा गेल्या, आणि त्यांवरून धावणाऱ्या पाळण्यातून निम्मा पूल पलीकडे उतरवण्यात आला. खाली आधार उभा करण्यास तळच हाती लागत नव्हता. म्हणून दोन्ही कड्यांवरून कमानीचे अर्धे अर्धे बाहू, मागे खडकात जखडलेल्या तारांनी तोलून धरीत, एकमेकांच्या दिशेने अधांतरी वाढवत नेले. ३१ मार्च १९०५ रोजी मधला शेवटचा भाग बसवू जाता तो सव्वा इंचाने लांब भरला. दिवसभराच्या उन्हाने पोलाद प्रसरण पावले होते. रात्री गारव्याने आणि प्रपाताच्या तुषारांनी ते आकसले, आणि १ एप्रिलच्या पहाटे तोच भाग आपल्या जागी बिनबोभाट बसला. गणित, ऋतुमान आणि मनुष्याचा धीर यांचा इतका नेमका संगम स्थापत्याच्या इतिहासात क्वचितच आढळेल. रचनेच्या आकडेमोडीत राल्फ फ्रीमन या तरुण इंजिनीअरचा मोठा वाटा होता; सिडनी बंदरावरील विख्यात कमानीशी पुढे त्याचेच नाव जोडले गेले. ज्या आफ्रिकी मजुरांनी या कामी घाम गाळला, त्यांची नावे मात्र अशा कोणत्याही कमानीशी जोडली गेली नाहीत, याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही.

सुमारे ५०० फूट गाळ्याच्या आणि पाण्यापासून सुमारे ४२० फूट उंच असलेल्या या पुलाचे उद्घाटन १२ सप्टेंबर १९०५ रोजी चार्ल्स डार्विनचे चिरंजीव जॉर्ज डार्विन यांच्या हस्ते झाले. कड्याजवळच्या व्हिक्टोरिया फॉल्स हॉटेलात त्याच्या आदल्या वर्षापासूनच पाहुणे उतरू लागले होते. मोटारींसाठी १९३० मध्ये पूल रुंदावला गेला.

उत्तरेकडे झांबिया स्वतंत्र झाल्यावर सरहद्दीवरच्या या पुलाला निराळेच महत्त्व आले. २५ ऑगस्ट १९७५ रोजी पुलाच्या मध्यावर आगगाडीचे डबे उभे करून त्यांत दक्षिणेकडील ऱ्होडेशियाचे गोरे सरकार आणि तेथील आफ्रिकी राष्ट्रीय नेते यांच्या वाटाघाटी झाल्या. झांबियाचे अध्यक्ष कौंडा आणि दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर यांच्या मध्यस्थीनेही त्या फिसकटल्या, आणि १९८० मध्ये ऱ्होडेशियाच्या जागी झिंबाब्वे उदयास येईतो रक्तपात चालूच राहिला. आज हीच सरहद्द पर्यटक चौकीवरून एक चिठ्ठी घेऊन पुलापुरती पायी ओलांडतो. पावसाळ्यानंतर नदी भरून आली, की त्याचे कपडे कठड्याशी पोहोचेतो ओलेचिंब होतात, आणि धाडसी तरुण पायांना लवचीक दोर बांधून त्याच्या देखत घळीत झेप घेत असतात.