इंबर : रणगाड्यांच्या चाकोरीतले गाव

१ नोव्हेंबर १९४३ रोजी इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील इंबर गावाची सभा शाळेच्या खोलीत भरली. अमेरिकी सैनिकांना गल्लीबोळांतील लढाईचा सराव हवा होता, त्यासाठी ४७ दिवसांत गाव रिकामे करायचे होते. दीडशेच्या आसपास माणसे नाताळच्या आठवडाभर आधी बाहेर पडली. गावचा लोहार ऐरणीवर ओणवा होऊन रडत होता, असे सांगतात. काही आठवड्यांतच तो वारला आणि पुरण्यापुरता गावात परत आला. बाकीच्यांची समजूत होती की युद्ध संपले की आपणही परतू. तसे झाले नाही.

यात बेकायदा काही नव्हते, हीच अडचण. शेतीच्या मंदीत सॉल्झबरी पठारावरच्या हलक्या जमिनीला गिऱ्हाईक नव्हते, तेव्हा, म्हणजे १८९७ पासून, लष्कराने ती विकत घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धाआधीच इंबरची बहुतेक घरे-शेते लष्कराच्या मालकीची होती. गावकरी आपल्याच गावात कुळे होते. आज हे सरावक्षेत्र सुमारे ३८,००० हेक्टर आहे.

महायुद्धानंतर इंग्लंडभर ट्रॅक्टर आणि रासायनिक खते फिरली आणि खडूच्या पांढऱ्या जमिनीवरची जुनी कुरणे नांगराखाली गेली. पठारावर तोफगोळे पडत होते, पण नांगर आला नाही. परिणामी खडूच्या जमिनीवरचे वायव्य युरोपातील सर्वांत मोठे गवताळ रान इथेच उरले. त्यातला एक जीव मला फार बोलका वाटतो. फेअरी श्रिम्प हा इंचभर लांबीचा, पारदर्शक, कोळंबीसारखा प्राणी पावसाळी डबक्यांत जगतो. डबके आटले तरी त्याची अंडी सुक्या चिखलात टिकून राहतात. पूर्वी ती मेंढ्या-गुरांच्या खुरांना चिकटून या डबक्यातून त्या डबक्यात जात. आता रणगाड्यांच्या पट्ट्यांना चिकटून जातात, आणि डबकीही त्याच पट्ट्यांनी खणलेली असतात.

१९६१ च्या जानेवारीत सुमारे दोन हजार लोक मनाई मोडून इंबरमध्ये घुसले आणि गाव परत मागू लागले. चौकशी झाली, निकाल लष्कराच्या बाजूने लागला. १९७३ मध्ये लष्करी जमिनींचा फेरविचार करणाऱ्या नुजंट समितीनेही इंबर सोडायला सांगितले नाही. मात्र याच सुमारास लष्कराच्या भाषेत एक नवा शब्द रुळू लागला : निसर्गसंवर्धन. पुढे पठाराच्या निम्म्याहून अधिक भागाला कायद्याचे संरक्षण मिळाले. प्राचीन थडग्यांच्या उंचवट्यांवर रणगाडे चढू नयेत म्हणून फलक लागले, वाहनांसाठी खडीचे पक्के मार्ग झाले, झुडपे माजू नयेत म्हणून गुरे चरायला सोडली जाऊ लागली. आपल्या माळढोकाचा चुलतभाऊ असलेला, ब्रिटनमधून १८३२ च्या सुमारास नाहीसा झालेला ग्रेट बस्टर्ड २००४ पासून रशियातून पिल्ले आणून याच पठारावर पुन्हा रुजवला गेला. राजस्थानात पोखरणच्या गोळीबार क्षेत्रातही माळढोक तग धरून आहे, हे इथे आठवते.

हे सारे खरे आहे आणि स्वागतार्हही. पण ‘लष्कराने निसर्ग राखला’ या वाक्यात एक कर्ता गाळला जातो. ते रान मुळात शतकानुशतके मेंढ्या चारणाऱ्या माणसांनी घडवले होते. लष्कराने नांगर रोखला. आणि मेंढपाळही हटवला. उलट, गावकरी परतले असते तर त्यांनीही इतरांसारखाच ट्रॅक्टर आणला असता, असा माझा अंदाज आहे. कुरणाच्या आठवणीपेक्षा पोट मोठे असते. तेव्हा फुलपाखरांचे श्रेय लष्कराला द्यावे. पण गाव परत न देण्यामागे फुलपाखरे नव्हती. तो निर्णय ती मोजली जाण्याआधीच झाला होता.

गावाची बहुतेक घरे आता नाहीत. त्यांच्या जागी सरावासाठी बांधलेल्या, खिडक्या नसलेल्या रिकाम्या इमारती आहेत. तेराव्या शतकातले सेंट जाइल्सचे चर्च मात्र उभे आहे. वर्षातले मोजकेच दिवस रस्ता खुला होतो आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे प्रार्थना होते. भोवतालच्या कुंपणाआड गावच्या माणसांची थडगी आहेत, त्या लोहाराचेही.