पिवळी वायर, लाल वायर

मंडळी, या शनिवारचा विषय इतिहासाचाच आहे, पण सुरुवात एका फजितीने. फजिती अर्थातच अस्मादिकांची.

तर झालं असं. शुक्रवारी रात्री दहाला पुण्याहून नगर, कोपरगाव, येवला करत मनमाडला घरी पोचलो. त्याच आठवड्यात गाडीतला कंपनीचा साधा रेडिओ काढून नवा स्टिरिओ बसवून घेतला होता. बाबांना जुनी नाट्यगीतं ऐकायची भारी हौस, म्हणून. शनिवार-रविवार गाडी दारात उभी. सोमवारी पहाटे बाबांना घेऊन पंचवटी एक्सप्रेस पकडायची होती, मुंबईला त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. पाचला किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. बस्स.

शेजारच्या पोरांनी दोनदा ढकलून पाहिली. पण हल्लीच्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि इंजिनाचा कॉम्प्युटर दोन्ही बॅटरीवर जगतात, तिथे नुसत्या धक्क्याचं काय चालणार? घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. रिक्षा मिळेपर्यंत उशीर झाला आणि प्लॅटफॉर्मवर पोचलो तेव्हा शेवटच्या डब्याची पाठ दिसली. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. बोलले असते तर बरं वाटलं असतं. ऑपरेशन बारा दिवसांनी पुढे गेलं.

मी लगेच बॅटरीवर खापर फोडलं. नवी आणायला निघालो, तर समोरचे काका आडवे आले. काकांची सगळी नोकरी रेल्वेत, ट्रेन लायटिंगच्या खात्यात. म्हणजे डब्यातले दिवे-पंखे बघणं. "नवी बॅटरी पण तीन दिवसांत मरेल," ते म्हणाले. "आधी मोज, मग बोल."

इथे थोडं विषयांतर, पण कामाचं. मनमाड जंक्शन झालं ते १८७८ साली, दौंडकडून येणारी लाइन इथे मिळाली तेव्हा. त्या काळी डब्यात तेलाचे दिवे असत. १८९० च्या दशकात इंग्लंडमधल्या जे. स्टोन कंपनीने चाकांच्या आसाला पट्ट्याने डायनॅमो जोडून डब्यात वीज करायची पद्धत आणली, आणि ती आपल्याकडेही आली. गाडी धावत असली की डायनॅमो दिवे लावणार आणि डब्याखालच्या बॅटऱ्या भरणार. गाडी थांबली की दिवे बॅटरीवर. म्हणजे आजच्या कारची विजेची रचना जवळजवळ जशीच्या तशी. त्यामुळे उभ्या गाडीत कोण वीज खातंय हे शोधण्यात काकांचा जन्म गेलेला. माझी हॅचबॅक त्यांच्या दृष्टीने एक छोटा डबाच.

काकांची पद्धत अशी. बॅटरी आधी चार्ज करून घेतली. मग निगेटिव्ह टोक काढलं आणि मल्टिमीटर दहा अँपिअरवर लावून मधे जोडला, म्हणजे बॅटरीतून जाणारा सगळा करंट मीटरमधूनच जाणार. (असा मीटर लावलेला असताना चुकूनही स्टार्टर मारायचा नाही. मीटरचा फ्यूज जातो.) किल्ली बाहेर, दारं बंद. मग अर्धा तास चहा. कारण गाडीतले छोटे छोटे कॉम्प्युटर लगेच झोपत नाहीत, वेळ घेतात. सगळे झोपल्यावर चांगल्या गाडीचा करंट साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत राहतो. आमचा होता ४००.

हिशोब करा. शुक्रवारी रात्री दहा ते सोमवारी पहाटे पाच म्हणजे ५५ तास. गुणिले ०.४ म्हणजे २२ अँपिअर-अवर. बॅटरी ३५ ची. राहिलं काय, आणि स्टार्टर फिरणार कशावर?

मग एकेक फ्यूज काढायचा आणि आकडा पाहायचा. आमच्या भाषेत बायनरी सर्च नव्हे, सरळ लिनिअर सर्च. पण काम झालं. रेडिओचा फ्यूज काढला आणि आकडा खाली आला, २०. चोर सापडला. पण स्टिरिओ तर मी बटणाने बंद केला होता! बंद असलेली वस्तू वीज खाते कशी? या प्रश्नाने डोक्यात किडा सोडला आणि पुढचे दोन वीकएंड वाचण्यात गेले. त्याचं सार असं.

गाडीतला रेडिओ हा जन्मापासूनच बाहेरून आणून बसवलेला पाहुणा आहे. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्व्हिनच्या कंपनीने मोटारीत बसवायचा रेडिओ काढला आणि त्याचं नाव ठेवलं मोटोरोला. त्या रेडिओच्या व्हॉल्व्हना लागणारा मोठा दाब मोटारीच्या बॅटरीतून मिळेना, म्हणून त्यासाठी वेगळ्या बॅटऱ्या गाडीत कोंबाव्या लागत. आणि पहिली तक्रार कुठली? गाणं कमी, स्पार्क प्लगची खरखर जास्त. विल्यम लिअर (हो, लिअरजेटवाला) आणि एल्मर वेव्हरिंग ही मंडळी त्या खरखरीच्या मागे लागली होती. म्हणजे स्टिरिओ बसवल्यावर गाडीत काहीतरी बिघडणं ही परंपरा नव्वदेक वर्षांची आहे.

तरी त्या रेडिओची एक गंमत होती. त्याला सतत जिवंत राहणारी वेगळी वायर नव्हती. बंद केला की बंद, अगदी मेल्यासारखा. पुढे स्टेशन लक्षात ठेवणारी बटणं आली, तीसुद्धा यांत्रिक. बटण दाबलं की एक दांडी ट्यूनरला ठरलेल्या जागी नेऊन सोडायची. थोडक्यात, रेडिओची आठवण लोखंडात होती. तिला वीज लागत नव्हती.

आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओलाच सरकारी परवाना लागायचा, तेव्हा गाडीत रेडिओ म्हणजे चैनच. फियाट असो की १९८३ ची मारुती ८००, बहुतेकांनी गाणी बाहेरून बसवली. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, अशा बाजारांत गाडीच्या सामानाची दुकानं वाढली ती अशाच हौसेवर.

मग डिजिटल ट्यूनिंग आलं आणि स्टेशनं चिपमध्ये साठू लागली. लोखंडातली आठवण विजेत गेली. आणि वीज गेली की आठवण पुसली! म्हणून रेडिओला दुसरी वायर आली. बाहेरून मिळणाऱ्या स्टिरिओत रूढ रंग असे: पिवळी कायम जिवंत, थेट बॅटरीवर. लाल किल्लीवर. काळी अर्थ. पिवळी आठवण सांभाळणार आणि लाल सांगणार की "मालक आले, उठ." हल्लीच्या स्टिरिओत तर मुख्य करंटही पिवळीतूनच जातो, लाल नुसता निरोप देते.

म्हणजे तेव्हापासून गाडीतला रेडिओ खऱ्या अर्थाने बंद होतच नाही. तो झोपतो. आणि कधी झोपायचं हे त्याला फक्त लाल वायर सांगते.

जोडणीचं प्रमाणही ठरलेलं आहे, आयएसओ १०४८७. त्यात चौथ्या पिनवर कायमची वीज आणि सातव्यावर किल्लीची. पण फोक्सवॅगनच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत या दोन पिना उलट्या असतात. अशा गाडीत प्रमाण पाळून जोडलेला स्टिरिओ दर वेळी स्टेशनं विसरतो. मग वैतागून कोणीतरी दोन्ही वायरी कायमच्या विजेवर टाकतं, आणि बॅटरी बसते.

आता आमच्या गाडीकडे. डॅशबोर्ड उघडला तर पिवळी आणि लाल एकत्र पिळून वर टेप गुंडाळलेली. लाल कायम जिवंत, म्हणजे स्टिरिओच्या मते मालक चोवीस तास गाडीत बसलेले. बटणाने स्क्रीन काळा व्हायचा, आतला कॉम्प्युटर जागाच.

मी बसवणाऱ्याच्या नावाने शिमगा सुरू केला. काकांनी शांतपणे विचारलं, "त्याला तू काय सांगितलं होतंस?"

आणि मला आठवलं. त्या पोराने विचारलं होतं, "साहेब, किल्ली काढल्यावर पण गाणी चालू राहायला पाहिजेत का?" मी म्हणालो होतो, हो. म्हटलं, बाबा गाडीत बसून निवांत ऐकतील. त्याने मला हवं तेच दिलं. त्याची किंमत त्याने सांगितली नाही हे खरं, पण मीही विचारली नाही. आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंटच चुकली म्हणतात. कोडमध्ये बग नव्हताच. रोज हापिसात क्लायंटच्या नावाने हेच बोटं मोडणारा मी, इथे स्वतःच क्लायंट झालो होतो.

दुरुस्ती दहा मिनिटांची. दोन्ही वायरी सोडवल्या, लाल किल्लीच्या लाइनवर नेली, सांधे सोल्डर करून त्यावर स्लीव्ह चढवली. पुन्हा मीटर, पुन्हा अर्धा तास, पुन्हा चहा. आकडा २५. आता किल्ली काढली की गाणं थांबतं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मग काय झालं? घरात रेडिओ आहे की."

तुमच्याही गाडीत बाहेरून बसवलेलं काही असेल, स्टिरिओ, कॅमेरा, ट्रॅकर, तर एकदा मोजून घ्या. आणि बसवून घेतानाच विचारा, ही वायर किल्लीवर आहे की थेट?

बाराव्या दिवशी पहाटे गाडी एका झटक्यात चालू झाली. मी ऐटीत बाबांकडे बघितलं. ते फाटकापाशी उभे होते, पिशवी हातात. बाहेर रिक्षा. आदल्या रात्रीच सांगून ठेवलेली.

"गाडी चांगलीच आहे रे तुझी," ते म्हणाले. "पण आज रिक्षानेच जाऊ."

काही न बोलता किल्ली काढली. गाणं थांबलं. ऑपरेशन छान झालं.