जुनं फाउंटन पेन घेताय? आधी शाईचं बघा

आजोबांच्या कपाटात जुनं पेन सापडलं, की हाती येईल ती शाई भरून बघण्याचा मोह होतो. पण पन्नास-साठ वर्षं टिकलेलं पेन चुकीच्या शाईनं कायमचं तुंबू शकतं.

स्वस्तात कोणती पेनं?
१९४१ साली आलेल्या ‘पार्कर ५१’ला आजही चांगला भाव असतो. सुरुवात १९४८ च्या ‘पार्कर २१’पासून किंवा ‘५१’च्या धर्तीवरच्या चिनी ‘हीरो ६१६’पासून करा. ‘२१’चं प्लास्टिक तडकतं, ते नीट तपासा. ड्रॉपरनं शाई भरायची जुनी भारतीय पेनंही छान असतात. सोन्याऐवजी स्टीलची निब असेल, तर पेन स्वस्त पडतं.

घेताना काय पाहाल?
• निबेच्या टोकावरचा कठीण धातूचा बारीक मणी शाबूत हवा. तो झिजला किंवा तुटला, तर दुरुस्ती महाग पडते.
• टोपण आणि नळीवर तडे नकोत.
• आत रबरी पिशवी असेल, तर ती कडक झालेली असू शकते. ती बदलता येते, त्यामुळे तेवढ्यासाठी पेन नाकारू नका; भाव मात्र कमी करून घ्या.

कोणती शाई चालेल?
पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची साधी निळी शाई सर्वांत सुरक्षित. १९३१ पासून मिळणारी पार्करची ‘क्विंक’, वॉटरमनची निळी किंवा आपल्याकडची कॅमलची रॉयल ब्लू घ्या. अशी शाई वाळली, तरी पाण्यानं धुऊन निघते.

कोणती टाळाल?
• चित्रकारांची ‘इंडिया इंक’: तिच्यात लाख असते. ती आत वाळली, की पाण्यानं निघत नाही.
• चमकीची शाई: कण निबेखालच्या जिभेच्या बारीक खाचांत अडकतात.
• लोहयुक्त आम्लधर्मी शाई: स्टीलची निब गंजू शकते.
• गडद लाल-जांभळी शाई: पारदर्शक भागांवर डाग राहू शकतात.
दोन शाया एकत्र करू नका, गाळ बसू शकतो.

धुवायचं कसं?
साधं, गार पाणी भरा आणि काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत. गरम पाण्यानं एबोनाइटचा काळा रंग उडतो आणि स्पिरिटनं सेल्युलॉइड खराब होतं. पेन वापरणार नसाल, तर शाई काढून, धुऊन, सुकवून ठेवा. आतली शाई वाळू दिली नाही, तर पेन नातवंडांच्या हातीही चालेल.