नापास विद्यार्थ्याचा इतिहास



इतिहास हा जिंकणाऱ्यांचा असतो असें म्हणतात. शिक्षणाच्या इतिहासासही तीच खोड आहे. पहिले पदवीधर कोण, पारितोषिकें कोणास मिळालीं, हें त्यांत हटकून सांपडतें. जे मागें राहिले त्यांस हात देण्यास कोणी होतें कीं नव्हतें, हें मात्र क्वचितच वाचावयास मिळतें. आज त्या मागें राहिलेल्यांच्या बाजूनें चार शब्द बोलावे असा विचार आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ सालीं झाली. तीस १३२ विद्यार्थी बसले. उत्तीर्ण झाले २२. त्या बावीसांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. हीं नांवें आपण अभिमानानें घेतों, आणि तें योग्यच आहे. पण १३२ मधून २२ वजा केले म्हणजे ११० उरतात. ते ११० कोण होते, हें आपण कधीं विचारीत नाहीं.

त्या काळीं एक सोय मात्र चांगली होती. पेशवाईंत पुण्यास श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटीत. इंग्रजी अमलांत त्या निधीचा कांहीं भाग नव्या शिक्षणाकडे वळला, व त्यांतून कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमले जाऊं लागले. फेलोनें स्वतःचा अभ्यास करावा आणि खालच्या वर्गांसही शिकवावें, अशी ती योजना. रानड्यांनीं एल्फिन्स्टन कॉलेजांत असें शिकविलें. ही सोय कच्च्या विद्यार्थ्यांसाठीं म्हणून निघाली नव्हती. पण तिच्यांत एक मर्म होतें. जी पायरी आपण कालच चढलों, तिच्यावर पाय कोठें घसरतो हें आपणांस ठाऊक असतें. मोठ्या पंडितास त्याचा विसर पडलेला असतो.

जेथें असा सोबती मिळत नाहीं तेथें काय होतें, याचें उदाहरण तामिळ प्रांतांत घडलें. १९०४ सालीं श्रीनिवास रामानुजन् शिष्यवृत्ति मिळवून कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजांत दाखल झाले. गणितावांचून दुसऱ्या कशांत त्यांचें मन लागेना. ते नापास झाले आणि शिष्यवृत्ति गेली. पुढें मद्रासेस पचैयप्पा कॉलेजांत नांव घालून ते १९०६ सालीं एफ. ए. ला बसले, व १९०७ सालीं पुन्हां बसले. दोन्ही वेळां नापास! पुढें पोर्ट ट्रस्टांत महिना ३० रुपयांची कारकुनी करणारा हाच गृहस्थ १९१८ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचा सभासद झाला. आतां, प्रत्येक नापास मुलगा रामानुजन् नसतो, हें मी मास्तर असल्यानें चांगलेंच जाणतों. पण त्यांच्या गोष्टींत एक धडा आहे. परीक्षेला पुन्हां बसण्याची संधि त्यांस मिळाली; मदत मिळाली नाहीं. संधि देणें निराळें आणि मदत देणें निराळें.

महाराष्ट्रांत मदत आली ती प्रथम भाकरीच्या रूपानें. माधुकरी मागून किंवा वार लावून जेवणारा विद्यार्थी अभ्यासांत मागें पडला तर दोष बुद्धीचा नव्हे, हें कांहीं जाणत्या माणसांनीं ओळखलें. राजर्षि शाहू महाराजांच्या आश्रयानें कोल्हापुरास १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें, आणि पुढें निरनिराळ्या समाजांचीं वसतिगृहें तेथें उभीं राहिलीं. पुण्यास १९०९ सालीं अनाथ विद्यार्थी गृह निघालें. त्यानंतरचें पाऊल याहून मोठें होतें. डॉ. आंबेडकरांच्या संस्थेनें १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ कॉलेज काढलें आणि नोकरी करणाऱ्यांस शिकतां यावें म्हणून वर्ग सकाळीं ठेवले. पुढल्याच वर्षीं कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज उघडलें. तेथें गरीब मुलानें श्रम करावे व शिकावें. या दोन्ही ठिकाणीं विद्यार्थ्यानें कॉलेजच्या सोयीनें वागावें असा हट्ट नव्हता. कॉलेजच विद्यार्थ्याच्या सोयीनें वागलें.

कागदावर आपण कधींच कमी पडलों नाहीं. १९१९ सालच्या कलकत्ता विद्यापीठ कमिशननें, व १९४९ सालच्या राधाकृष्णन् आयोगानें, लहान गटांत बसवून शिकविण्याचा आग्रह धरला. १९६६ सालच्या कोठारी आयोगानें विद्यार्थ्यांस मार्गदर्शन हें शिक्षणाचेंच अंग मानलें. विद्यापीठ अनुदान आयोगानें पुढें मागास व अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थ्यांच्या जादा वर्गांस अनुदानही दिलें. परंतु सामान्य विद्यार्थ्याच्या तोंडीं या सर्वांपैकीं एकही नांव नाहीं. त्याच्या तोंडीं आहे ए. टी. के. टी., म्हणजे ‘अलाउड टु कीप टर्म्स’. दोनचार विषय राहिले तरी पुढच्या वर्गांत बसूं देण्याची ही सवलत. ती दयाळू आहे. पण पुन्हां तीच गोष्ट! संधि मिळाली, मदत नाहीं.

येथें थोडें स्वतःविषयीं बोलतों. मी १९७६ सालीं एस. एस. सी. झालों आणि शहरांतील एका कॉलेजांत अकरावीच्या शास्त्रशाखेस नांव घातलें. खेड्यांतल्या मराठी शाळेंतला मुलगा. तेथें सर्व शिक्षण इंग्रजींत. वर्गांत शेंभराच्यावर मुलें. वर्षअखेर गणित व पदार्थविज्ञान दोन्ही गेले. पुन्हां बसतां येईल, असें खिडकीवरच्या कारकुनानें सांगितलें. कोठें अडलें, हें कोणीं विचारलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर मींही कोणास सांगितलें नाहीं. लाज वाटली. मी गांवीं परतलों, अध्यापक विद्यालयांत गेलों आणि जन्मभर मुलें शिकविलीं. त्याचें मला दुःख नाहीं. पण त्या पहिल्या वर्षाची आठवण अजून टोंचते.

जन्मभर शिकवून मला एक कळलें, तें हेंच कीं अडलेला मुलगा बोलत नाहीं. तो मागच्या बांकावर जाऊन बसतो, आणि एके दिवशीं यावयाचा थांबतो. अलीकडे पुष्कळ महाविद्यालयांत समुपदेशनाची खोली असते, दारावर पाटीही असते. पण ज्यास तिची गरज तोच त्या दारापर्यंत जात नाहीं. म्हणून पहिल्या चाचणीचे गुण लागतांच गुरुजनांनींच त्यास बोलावून घ्यावें, आणि त्याच्या जोडीला वरच्या वर्गांतला एखादा विद्यार्थी द्यावा. दक्षिणा फेलोंच्या जुन्या प्रघाताचें मर्म एवढेंच होतें, आणि त्याला खर्चही फार लागत नाहीं.

आणि घरच्या वडील मंडळींस माझी एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी पडलेल्या तोंडानें निकाल घेऊन घरीं आली, तर ‘किती गुण पडले’ हें तुम्ही नंतर विचारा. आधीं विचारा, ‘बाळ, कोठें अडलें?’ १८५९ सालच्या त्या ११० मुलांस हा प्रश्न कोणीं विचारला असेल कीं नाहीं, देव जाणे. आपल्या मुलांस तो विचारणें आपल्या हातीं आहे.