वलयांचे यंत्र: मल्टिक्स आणि त्यानंतर

कार्यप्रणाली, म्हणजे संगणकाची स्मृती, प्रोसेसर आणि इतर साधने सर्व आज्ञावल्यांना वाटून देणारी मूळ आज्ञावली, कितीही काळजीपूर्वक लिहिली तरी खालचे यंत्र ज्याला मज्जाव करू शकत नाही त्याला तीही रोखू शकत नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये मल्टिक्स या कार्यप्रणालीसाठी यंत्र निवडताना हाच विचार प्रमाण मानला. अनेक अपरिचित माणसे एकाच वेळी एकच संगणक वापरणार असल्यामुळे एकाची माहिती दुसऱ्यापासून राखणे हे त्यांच्या आराखड्याचे मूळ उद्दिष्ट होते. त्यासाठी स्मृतीचे खंड पाडून प्रत्येक खंडावर वाचणे, लिहिणे आणि चालवणे यांची स्वतंत्र परवानगी प्रोसेसरनेच तपासावी, अशी त्यांची अपेक्षा होती. एमआयटीत तोवर आयबीएमची यंत्रे वापरात होती. परंतु त्याच वर्षी एप्रिलमध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० मालिकेत यासाठी लागणारी, आज्ञावलीने वापरलेल्या पत्त्याचे स्मृतीतील खऱ्या पत्त्यात रूपांतर करण्याची सोय नव्हती, म्हणून बाजारातील अग्रणीला बाजूला सारून जनरल इलेक्ट्रिकची निवड झाली आणि त्या कंपनीने आपल्या ६३५ या यंत्रात बदल करून जीई-६४५ घडवले. या निर्णयाचा आयबीएमला बसलेला धक्का लहान नव्हता, कारण पुढच्याच वर्षी तिने ही उणीव भरून काढणारे ३६०/६७ जाहीर केले.

तरीही ६४५ अपुरेच ठरले. मल्टिक्सच्या रचनेत अधिकारांची एकात एक वलये कल्पिलेली होती: सर्वांत आतल्या वलयात सर्वाधिक अधिकार, आणि बाहेर जावे तसे ते कमी. ही वलये ६४५ मध्ये केवळ आज्ञावलीच्या बळावर उभी होती आणि प्रत्येक वलय ओलांडताना कार्यप्रणालीला मध्ये पडावे लागे. पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी अमेरिकी हवाई दलासाठी केलेल्या तपासणीचा अहवाल १९७४ मध्ये आला, तेव्हा एक अधिक खोल दोष उघड झाला. यंत्रातील संरक्षणाची सतत परीक्षा घेणारी एक छोटी आज्ञावली त्यांनी हजारहून अधिक तास चालवली होती. एका आज्ञेकरवी दुसरी आज्ञा बजावून घेण्याच्या सोयीत, विशिष्ट परिस्थितीत, परवानगीची तपासणीच वगळली जाते, हे तिच्यामुळे कळले. दोष प्रोसेसरच्या जोडणीतच असल्यामुळे कार्यप्रणालीच्या कर्त्यांना तो आपल्या मजकुरात कितीही शोधला तरी सापडला नसता.

जनरल इलेक्ट्रिकचा संगणक व्यवसाय १९७० मध्ये हनीवेलकडे गेला, आणि त्या कंपनीच्या ६१८० या यंत्रात आठ वलये प्रत्यक्ष प्रोसेसरमध्ये आली. मल्टिक्सला १९८५ मध्ये अमेरिकी सरकारचे बी-२ हे सुरक्षा मानांकन मिळाले, पण त्याच सुमारास हनीवेलने तिच्या पुढील विकासातून अंग काढून घेतले. मानाचे प्रमाणपत्र आणि बाजाराची पाठ एकाच वेळी वाट्याला यावी, हे या क्षेत्रात अपवादात्मक म्हणता येत नाही. शेवटचे मल्टिक्स यंत्र ३० ऑक्टोबर २००० रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स येथे बंद झाले.

वलयांची कल्पना मात्र इंटेलच्या १९८२ च्या ८०२८६ या प्रोसेसरमध्ये चार पातळ्यांच्या रूपाने उतरली. युनिक्स आणि विंडोज एनटी यांना निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रोसेसरवर चालायचे होते व त्यांतील अनेकांत दोनच पातळ्या होत्या, त्यामुळे मधल्या दोन पातळ्या बहुतांशी रिकाम्या राहिल्या. चौसष्ट बिटांच्या रचनेत तर खंडांच्या मर्यादांची तपासणीही जवळपास गळाली. सुरक्षा हेच ध्येय मानणाऱ्या नव्या कार्यप्रणालींना त्यामुळे दुसऱ्या सोयींचा आधार घ्यावा लागला. योआना रुत्कोव्स्का यांनी २०१० मध्ये जाहीर केलेली क्यूब्स प्रत्येक कामासाठी वेगळा आभासी संगणक उभा करते, आणि तिच्या २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून व्हीटी-डी किंवा तिच्या तोडीची सोय अनिवार्य आहे. नेटवर्क कार्डासारख्या उपकरणाला स्मृतीच्या नेमून दिलेल्या भागाबाहेर हात घालू न देणे हे या सोयीचे काम. मल्टिक्सच्या कर्त्यांना यंत्र घडवून घेता आले होते, तर क्यूब्सच्या वापरकर्त्याला तयार मालातूनच निवड करावी लागते, आणि त्या मालाची प्रतवारी वेगावर ठरलेली असते: इंटेलच्या २०११ च्या साध्या आय-सेव्हन २६०० मध्ये व्हीटी-डी होती, तर वेगाच्या हौशी ग्राहकांसाठी काढलेल्या, अधिक महाग २६००के मध्ये ती नव्हती.