तळटीप १४ : कालमन फिल्टर

१४. कालमन फिल्टर ही हंगेरीत जन्मलेले अमेरिकी अभियंते व गणिती रुडॉल्फ कालमन (१९३०–२०१६) यांनी १९६० साली मांडलेली गणिती रीत होय. रडारच्या प्रत्येक मोजमापात थोडीफार चूक असतेच. म्हणून ही रीत विमानाच्या आधीच्या स्थानावरून व वेगावरून त्याच्या पुढच्या स्थानाचा अंदाज बांधते आणि नवे मोजमाप हाती येताच, दोहोंपैकी ज्याची अनिश्चितता कमी त्याला अधिक वजन देऊन तो अंदाज सुधारते. हे वजन प्रमाण विचलनाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने, ४० मीटर विचलनाच्या रडारपेक्षा २० मीटर विचलनाच्या रडारला चौपट वजन मिळते. प्रस्तुत उताऱ्यात ‘माग’ हा शब्द अशा सुधारित स्थानांच्या मालिकेसाठी योजला आहे.